ॲटलास पतंग : पावसाळ्यात दाराशी येणारा अल्पायुषी पाहुणा

रात्रभर पाऊस कोसळून पहाटे जराशी उघडीप मिळाली की, कोकणात आणि सह्याद्रीच्या घाटमाथ्यालगतच्या गावांत एखाद्या घराच्या भिंतीवर, ओसरीच्या खांबावर किंवा अंगणातल्या दिव्याखाली एक विलक्षण जीव निश्चल बसलेला आढळतो. पंख पसरलेले, विटकरी तांबूस रंग, त्यावर पांढऱ्या-काळ्या नागमोडी रेषा आणि प्रत्येक पंखाच्या मध्यभागी काचेच्या तुकड्यासारखा एक पारदर्शक त्रिकोण. आकार एवढा, की मोठ्या माणसाचा पंजा त्याखाली सहज झाकला जावा. जवळ जाऊन पाहणाऱ्याला आणखी एक गोष्ट चकित करते. पुढच्या पंखांची टोके बाहेरच्या बाजूला वळलेली असून ती हुबेहूब नागाच्या तोंडासारखी दिसतात. डोळ्याच्या जागी काळा ठिपकाही असतो.

घरात मग धावपळ उडते. कोणी केरसुणी शोधतो, कोणी मुलांना मागे ओढतो, कोणी छायाचित्र काढतो. शेजारचा जाणता माणूस हा प्राणी विषारी असल्याचे सांगतो, तर दुसरा तो अतिशय दुर्मिळ असल्याचे सांगून बरणी आणायला धावतो. दोन-तीन दिवसांनी स्थानिक वृत्तपत्रात ‘दुर्मिळ फुलपाखरू आढळले’ अशा मथळ्याची चौकट प्रसिद्ध होते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, कोल्हापूर आणि गोव्यापासून खाली कर्नाटक-केरळपर्यंत जवळजवळ दर पावसाळ्यात हे घडते.

हा प्राणी म्हणजे ॲटलास पतंग. तो चावत नाही, दंश करीत नाही आणि विषारीही नाही. या तीनही बाबी सांगितल्या की लोकांची भीती जाते. मात्र त्याच्याविषयीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट बहुतेकदा सांगायची राहून जाते. भिंतीवर बसलेल्या या पतंगाला तोंडच नसते, आणि त्याच्यापाशी उरलेले आयुष्य एक ते दोन आठवड्यांपेक्षा अधिक नसते. त्यामुळे केरसुणीपासून वाचलेला पतंग सदिच्छेने आणलेल्या बरणीत मात्र हकनाक वाया जातो.

फुलपाखरू नव्हे, पतंग

मराठीत दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या कीटकाला पतंग म्हणण्याची प्रथा जुनी आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने फुलपाखरे आणि पतंग एकाच गणात मोडतात. दोघांच्याही पंखांवर सूक्ष्म खवले असतात, बोटाला लागणारी भुकटी ती हीच. फुलपाखराच्या मिशांची टोके गदेसारखी फुगीर असतात, तर पतंगांच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. बहुसंख्य पतंग रात्री उडतात आणि बसताना पंख पसरून बसतात. फुलपाखरे सहसा ते पाठीवर मिटून घेतात. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण ॲटलास पतंगाच्या पिसासारख्या मिशा एकदा पाहिल्या की शंका राहत नाही. वृत्तपत्रांनी त्याला फुलपाखरू म्हणणे ही फार मोठी चूक नव्हे. तरीही भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशे-चौदाशेच्या घरात, तर पतंगांच्या दहा हजारांहून अधिक आहेत, हे प्रमाण लक्षात घेता ज्याची संख्या मोठी त्याला त्याच्या नावाने ओळखणे उचित ठरावे.

ॲटलास पतंगाचे शास्त्रीय वर्णन स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये केले. ॲटलास हे नाव ग्रीक पुराणातील आकाश पेलणाऱ्या महाकाय देवतेवरून आले असे मानले जाते. पंखांवरील नक्षी नकाशासारखी दिसते म्हणून हे नाव पडले, अशीही व्युत्पत्ती सांगितली जाते. आग्नेय आशियापासून दक्षिण चीनपर्यंत आणि भारतात हिमालयाच्या पायथ्यालगतच्या व ईशान्येकडील जंगलांत लिनियसने वर्णिलेली ही जात आढळते. सह्याद्रीत दिसणारा पतंग मात्र तिचा सख्खा भाऊबंद आहे. फ्रेडरिक मूर या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात श्रीलंकेतील पतंगांचा अभ्यास करताना त्याला ‘टॅप्रोबॅनिस’ हे नाव दिले. टॅप्रोबेन हे श्रीलंकेचे प्राचीन ग्रीक नाव होय. दक्षिण भारत आणि श्रीलंका यांच्या वनसृष्टीत अनेक बाबतींत साम्य आहे, तसे ते येथेही दिसते. सामान्य निरीक्षकाला या दोन जातींतील फरक चटकन कळत नाही आणि बोलीत दोघांनाही ॲटलास पतंगच म्हटले जाते. या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

पंखांच्या विस्ताराने जगातील सर्वांत मोठ्या पतंगांत त्याची गणना होते. मादीचे पंख पसरल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर वीस सेंटिमीटरहून अधिक भरते, तर मोठ्या मादीत ते चोवीस सेंटिमीटरपर्यंत जाते. केवळ लांबीचा विचार केल्यास दक्षिण आणि मध्य अमेरिकेतील पांढरा चेटकीण पतंग त्याच्या पुढे आहे. न्यू गिनी व उत्तर ऑस्ट्रेलियातील हर्क्युलिस पतंगही त्याच्या तोडीचा आहे. एवढा पसारा असूनही शरीर मात्र बोटाएवढेच, लव असलेले आणि पंखांच्या मानाने अगदीच लहान असते.

शिदोरीवर चालणारे आयुष्य

प्रौढ ॲटलास पतंगाच्या तोंडाचे अवयव खुरटलेले असतात. फुलांतील मध शोषण्यासाठी फुलपाखरांना असते तशी सोंड त्याला नसते. तो काही खात नाही. उडणे, जोडीदार शोधणे, अंडी घालणे यासाठी लागणारी सारी ऊर्जा त्याने अळी असताना शरीरात साठवलेल्या चरबीतून येते. ही शिदोरी संपली की आयुष्य संपते. अशा पतंगापुढे साखरेचे पाणी, मध किंवा फळाची फोड ठेवणाऱ्यांचा हेतू चांगला असला, तरी त्याचा काही उपयोग नाही.

त्याच्या आयुष्याचा मोठा भाग अळीच्या आणि कोशाच्या अवस्थेत जातो. मादी पानांच्या खालच्या बाजूस अडीच मिलिमीटर व्यासाची गोलसर अंडी घालते. दहा दिवस ते दोन आठवड्यांत त्यातून अळ्या बाहेर पडतात. दालचिनी, पेरू, लिंबूवर्गीय झाडे अशा अनेक वनस्पतींची पाने त्या खातात. कोकणातील परसबागेजवळ हा पतंग दिसतो त्याचे एक कारण हेच. निळसर हिरव्या रंगाची ही अळी पांढऱ्या मेणचट भुकटीने माखलेली असते, पाठीवर मांसल काट्यांच्या रांगा असतात. पूर्ण वाढ झाल्यावर तिची लांबी अकरा सेंटिमीटरच्या आसपास भरते. मुंग्या किंवा सरडे जवळ आल्यास ती उग्र वासाचा द्रव फवारते. एवढी मोठी अळी पाहून बागायतदार धास्तावतात, परंतु ती भारतात सहसा तुरळकच आढळते.

साधारण महिना-सव्वा महिना अखंड खाल्ल्यावर अळी एखाद्या पानाचा आधार घेऊन स्वतःभोवती तपकिरी रेशमाचा कोश विणते. येथे तिची एक खबरदारी थक्क करणारी आहे. ज्या पानात कोश दडवायचा त्याचा देठ ती रेशमाच्या पट्ट्याने फांदीला बांधून टाकते. पान वाळले तरी झाडावरून गळत नाही, कोश जमिनीवर पडत नाही. आतील परिवर्तनाला अनुकूल हवेत चार आठवडे लागतात. हवा प्रतिकूल असेल तर कोश कित्येक महिने तसाच लटकत राहतो आणि पावसाळी दमटपणाची वाट पाहतो. सह्याद्रीत पावसाळ्यात आणि त्याच्या अखेरीस हे पतंग अधिक दिसतात ते यामुळे.

कोशाच्या वरच्या टोकाला मूळचीच एक वाट ठेवलेली असते. तिच्यातून ओलसर, चुरगळलेल्या पंखांचा पतंग बाहेर येतो आणि फांदीला किंवा भिंतीला उलटा लटकतो. शरीरातील द्रव पंखांच्या शिरांत भरला जाऊन ते हळूहळू उलगडतात व कडक होतात. या काही तासांत त्याला हात लावला किंवा तो खाली पडला तर पंख वेडेवाकडे सुकतात आणि पुन्हा कधीच सरळ होत नाहीत.

मादीची हाक आणि नराच्या मिशा

पंख सुकल्यावर मादी फार दूर जात नाही. कोशाजवळच बसून ती पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीतून एक गंधद्रव्य हवेत सोडते. माणसाच्या नाकाला त्याचा पत्ताही लागत नाही. नराच्या मिशा मादीपेक्षा बऱ्याच रुंद आणि फणीसारख्या दाट असतात. त्यांवरील सूक्ष्म केसांना वाऱ्यावर वाहत आलेल्या गंधाचे अत्यल्प रेणूही जाणवतात. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने उडत तो मादीपर्यंत पोहोचतो. भिंतीवरचा पतंग नर आहे की मादी, हे याच मिशांवरून ओळखता येते.

याच कुळातील ग्रेट पीकॉक या युरोपीय पतंगावर फ्रेंच निसर्गनिरीक्षक जाँ आंरी फाब्र याने एकोणिसाव्या शतकात केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्याच्या अभ्यासिकेत मे महिन्यातील एका सकाळी कोशातून मादी बाहेर पडली. त्याने तिला तारेच्या जाळीखाली ठेवले. त्या रात्री सुमारे चाळीस नर खिडक्यांतून घरात शिरले. पुढच्या आठवडाभरात ही संख्या दीडशेच्या आसपास गेली. मादीला हवाबंद पेटीत ठेवताच मात्र एकही नर आला नाही. मादी समोर दिसत असली तरी नराला तिचा पत्ता लागत नव्हता. झाकणात फट राहिली की तो पुन्हा येऊ लागे. हवेतून येणारे काहीतरी हेच या भेटीचे माध्यम आहे, असा निष्कर्ष त्यावरून निघत होता. ते ‘काहीतरी’ नेमके काय, हे समजायला १९५९ हे वर्ष उजाडावे लागले. जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी तुतीच्या रेशीम पतंगाच्या सुमारे पाच लाख माद्यांच्या ग्रंथींतून हे द्रव्य वेगळे केले आणि त्याला ‘बॉम्बिकॉल’ असे नाव दिले. कीटकांतील अशा गंधद्रव्याची रासायनिक ओळख पटण्याची ती पहिलीच वेळ होती.

फाब्रची हवाबंद पेटी आणि आपल्याकडची लोणच्याची बरणी यांत पतंगाच्या दृष्टीने काहीही फरक नाही. मादी बरणीत असेल तर तिची हाक काचेबाहेर जात नाही. नर असेल तर त्याला हाक ऐकू येत नाही. ‘वन विभागाचे लोक येईपर्यंत’, ‘शाळेतल्या मुलांना दाखवेपर्यंत’, ‘वार्ताहर छायाचित्र घेईपर्यंत’ अशा दोन-तीन रात्री गेल्या की एकूण दहा-बारा दिवसांच्या आयुष्याचा चौथा हिस्सा संपलेला असतो. शिवाय बंद जागेत फडफडल्याने पंख फाटतात. मिलन न झालेली मादी अखेर निष्फळ अंडी घालून मरते. अशा पतंगाला ‘जीवदान दिले’ असे म्हणणे कठीण आहे.

‘दुर्मिळ’ या शब्दाचा येथे विचार करायला हवा. ॲटलास पतंग माणसाला क्वचित दिसतो, कारण तो रात्री उडतो, उंच झाडांत राहतो आणि थोडे दिवस जगतो. क्वचित दिसणे आणि संख्येने अल्प असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दर पावसाळ्यात जिल्ह्याजिल्ह्यांतून येणाऱ्या बातम्या एकत्र ठेवल्या तरी एवढे लक्षात यावे. दुर्मिळ म्हटले की जपण्याची इच्छा होते हे खरे, पण जपणे म्हणजे पकडून ठेवणे असा अर्थ आपल्याकडे फार सहज घेतला जातो. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दाने पतंगाचे भले कमी आणि नुकसान अधिक केले आहे.

नागाचे तोंड

पंखांच्या टोकांवरील सर्पमुखाकृतीमुळे हाँगकाँग व दक्षिण चीनमध्ये या पतंगाला नागाच्या डोक्याचा पतंग अशा अर्थाचे नाव आहे. डिवचल्यास तो उडून जाण्याऐवजी जमिनीवर पडतो आणि पंख संथपणे हलवू लागतो. त्या वेळी दोन सर्पमुखे डोलत असल्याचा भास होतो. दिवसा डोळ्यांनी भक्ष्य शोधणाऱ्या पक्ष्यांना त्यामुळे बिचकवता येत असावे, असे अनेक अभ्यासकांचे अनुमान आहे. पक्षी त्या आकृतीला खरोखरच साप समजतो काय, हे सिद्ध करणे मात्र सोपे नाही. पारदर्शक त्रिकोणांविषयीही अशीच मते मांडली गेली आहेत.

ऑक्टोबर २०२१ मध्ये या पतंगाचे एक चित्र समाजमाध्यमांवर जगभर फिरले. हे साप नसून एक फुलपाखरू आहे, ते दोन आठवडे जगते आणि सापाचे सोंग घेऊन आपल्या अंड्यांचे रक्षण करते, असा मजकूर सोबत होता. दोन आठवड्यांचे आयुष्य एवढाच भाग त्यात बरोबर होता. मादी अंड्यांचे रक्षण करीत नाही. ती अंडी घालते आणि थोड्याच दिवसांत मरते.

पतंगाच्या पंखांवरील भुकटी डोळ्यांत गेल्यास अंधत्व येते, असाही समज ऐकू येतो. ही भुकटी म्हणजे सुटलेले खवले. डोळ्यात कोणताही कण गेल्याने होते तशी चुरचूर त्याने होऊ शकते. स्वच्छ पाण्याने डोळे धुणे पुरेसे असते.

दिव्याकडे तो का येतो

जंगलात राहणारा हा पतंग घराच्या भिंतीवर येतो तो दिव्यामुळे. कीटक प्रकाशाकडे का आकर्षित होतात, या प्रश्नाला अनेक उत्तरे दिली गेली. चंद्राच्या आधाराने दिशा ठरवणारे कीटक दिव्याला चंद्र समजतात, हे त्यांतील सर्वांत लोकप्रिय उत्तर होते. जानेवारी २०२४ मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळे चित्र पुढे आणले. लंडनचे इम्पीरियल कॉलेज आणि अमेरिकेतील फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी येथील संशोधकांचा त्यात सहभाग होता. यश सोंधी हे भारतीय संशोधक त्यांपैकी एक होत. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणातून असे आढळले की, उडणारे कीटक आपली पाठ उजेडाकडे ठेवण्याचा प्रयत्न करतात. कोट्यवधी वर्षे रात्रीही जमिनीपेक्षा आकाशच अधिक उजळ होते. पाठ उजेडाकडे ठेवली की वर कोणते आणि खाली कोणते हे आपोआप कळत असे. दिवा बाजूला किंवा खाली असेल तर हीच सवय कीटकाला सतत कलंडत ठेवते आणि तो त्याच्याभोवती फिरत राहतो. म्हणजे पतंग दिव्यावर झेप घेत नाही, तो दिव्याजवळ अडकतो. कण्हेरीच्या पानांवर वाढणारा हिरवा हॉक पतंग मात्र या प्रयोगांत अपवाद ठरला, दिव्यावरून तो सरळ निघून गेला.

दिव्याभोवती दमलेला ॲटलास पतंग पहाटे जवळच्या भिंतीवर बसतो व दिवसभर तेथेच राहतो. तो आजारी नसतो. दिवसा स्वस्थ बसणे हा त्याचा नित्यक्रम आहे. त्याला न हलवता, पाल, मांजर व कोंबड्या यांच्यापासून थोडे लक्ष ठेवणे आणि संध्याकाळी त्या बाजूचा बाहेरचा दिवा मालवणे, एवढे केले तर अंधार पडल्यावर तो बहुधा आपणहून निघून जातो. पायदळी येईल अशा जागी तो बसला असेल तर कागदाचा पुठ्ठा किंवा काडी त्याच्या पायांखाली सरकवावी. तो स्वतः वर चढतो. मग त्याला जवळच्या झाडाच्या सावलीतील फांदीवर ठेवावे. पंख चिमटीत धरू नयेत. कडा फाटलेला, रंग उडालेला पतंग दिसला तर तो जखमी असल्याचे समजण्याचे कारण नाही, तो आयुष्याच्या अखेरीस आलेला असतो.

टसर उत्पादकांना ठाऊक असलेली गोष्ट

तोंड नसलेल्या पतंगाचे नवल शहरी वाचकाला वाटते, तसे ते विदर्भातील टसर उत्पादकांना वाटणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत ढिवर समाजातील कुटुंबे ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरच्या अळ्या वाढवीत आली आहेत. टसरचा पतंग ॲटलासच्याच कुळातील असून त्यालाही प्रौढपणी अन्न घेता येत नाही. बहुतेक कोश उष्णता देऊन रेशमासाठी वापरले जातात. बियाण्यासाठी राखलेल्या कोशांतून पतंग बाहेर पडण्याची वेळ मात्र डोळ्यांत तेल घालून सांभाळावी लागते. मिलनाची रात्र चुकली तर पुढच्या हंगामाची अंडी हातची जातात. आसामातील सोनेरी मुगा आणि एरंडीवर वाढणारी एरी ही रेशमेही याच कुळाची देणगी होय. टसर उत्पादनात झारखंड आघाडीवर असून रांची येथे या विषयाची केंद्रीय संशोधन संस्था आहे.

ॲटलासचे रेशीम तपकिरी, लोकरीसारखे आणि टिकाऊ असते. त्याला फगारा म्हणतात. त्याचा धागा सलग नसून तुटक असल्याने तुतीच्या रेशमाप्रमाणे तो उलगडून घेता येत नाही, त्यामुळे मोठा व्यवसाय कधी उभा राहिला नाही. तैवानमध्ये रिकाम्या कोशांचा उपयोग सुटी नाणी ठेवण्याच्या बटव्यांसारखा केला जात असे.

या कुळातील आणखी एक पाहुणा आपल्याकडे दारी येतो. फिकट हिरव्या रंगाचा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग ॲटलासइतका मोठा नसला तरी देखणेपणात त्याहून सरस म्हणावा लागेल. त्याच्या बाबतीतही वर सांगितलेले सारे जसेच्या तसे लागू पडते.

जेथे सावध राहायला हवे

अनोळखी दिसणारा प्रत्येक कीटक निरुपद्रवी असतो, असा याचा अर्थ नाही. २०२२ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात ‘घोणस अळी’ची चर्चा झाली. ऊस, गवत यांत काम करणाऱ्या काही शेतकऱ्यांना तिच्या काट्यांचा स्पर्श होऊन असह्य वेदना झाल्या आणि रुग्णालयात जावे लागले. हीदेखील एका पतंगाचीच अळी आहे, मात्र वेगळ्या कुळातील. तिचे काटे पोकळ व विषारी असतात. स्पर्श झालेल्या जागी चिकटपट्टी लावून हलकेच ओढल्यास रुतलेले काटे निघतात, बर्फाने वेदना कमी होतात. श्वास घेण्यास त्रास किंवा अंगावर गांधी उठल्यास विलंब न लावता डॉक्टरांकडे जावे. त्याच वर्षी जुलैमध्ये सिक्कीममधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शंभराच्या आसपास विद्यार्थ्यांच्या त्वचेवर चट्टे उठले, त्याला नैरोबी माशी या नावाने ओळखला जाणारा काळा-नारिंगी भुंगेरा कारणीभूत होता. तो चावत नाही. अंगावर चिरडला गेला तर त्याच्या शरीरातील द्रव त्वचा भाजून काढतो. त्याला फुंकरीने उडवून लावावे, चापट मारू नये.

थोडक्यात, केसाळ व काटेरी अळीला हात लावू नये आणि अंगावर बसलेला कीटक चिरडू नये, हा नियम अनोळखी जिवांबाबत पाळलेला बरा. पंख पसरून भिंतीवर बसलेल्या मोठ्या पतंगाला भिण्याचे मात्र काही कारण नाही.

एखाद्या प्रदेशात हाच पाहुणा खरोखरच काळजीचा विषय ठरू शकतो. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, बेलव्ह्यू शहरातील एका घराच्या भिंतीवर ॲटलास पतंग आढळला. त्या देशातील ही पहिलीच अधिकृत नोंद होती. तेथे तो परका असून त्याच्या अळ्यांपासून फळबागांना धोका संभवतो, म्हणून परवान्याशिवाय तो बाळगण्यास किंवा विकण्यास तेथे मनाई आहे. असा पतंग दिसल्यास कळवावे, असे आवाहन राज्याच्या कृषी विभागाने केले. इंटरनेटवरून त्याच्या कोशांची विक्री होत असल्याचेही त्यानंतर उघड झाले. आपल्याकडे तो येथलाच रहिवासी आहे.

नोंद कशी ठेवावी

भारतातील पतंगांची पद्धतशीर यादी जॉर्ज हॅम्पसन याने १८९२ ते १८९६ या काळात चार खंडांत सिद्ध केली. कारवार परिसरात वन अधिकारी म्हणून काम केलेल्या टी. आर. बेल यांनी अळ्या पाळून पतंगांच्या जीवनक्रमाचा अभ्यास केला; हॉक पतंगांवरील त्यांचा सहलिखित ग्रंथ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. आज अशा अभ्यासाला सामान्य नागरिकाचा हातभार लागू शकतो. जुलैच्या अखेरीस पाळल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय पतंग सप्ताहात २०१२ पासून जगभरातील हौशी निरीक्षक नोंदी करीत आहेत, आणि भारतातूनही त्यात सहभाग असतो. पतंग न पकडता पंखांची वरची बाजू, मिशा आणि सोबत मापासाठी एखादी पट्टी दिसेल असे छायाचित्र, दिनांक, गाव आणि जवळची झाडे एवढी माहिती अभ्यासकांना पुरते.

उन्हाळ्यात परसातल्या दालचिनीची किंवा पेरूची छाटणी करताना सगळी पाने गळून एखादेच वाळके पान फांदीला घट्ट चिकटून राहिलेले दिसले, तर ती फांदी तोडण्यापूर्वी त्याचा देठ पाहावा. देठाभोवती रेशमाचा तपकिरी पट्टा असेल, तर पान अजून रिकामे झालेले नसण्याची शक्यता आहे.